चौथं खोकं

जिन्यावरून पृथ्वी गडगडत खाली आली आणि तिच्या पायाशी येऊन थांबली.

पृथ्वी म्हणजे शाळेतला तो गोल. दांडी तुटलेला, उत्तर ध्रुवाशी पोचा आलेला. तिच्या दोन्ही हातांत घडी केलेली पुठ्ठ्याची खोकी होती, म्हणून तिने तो पायानेच अडवला. पाठोपाठ पस्तिशीतला एक माणूस धाडधाड उतरत आला. बाह्या दुमडलेल्या, केसांत खडूची भुकटी, चेहऱ्यावर अपराधी भाव.

"लागलं का तुम्हाला?"

"मला नाही. ह्याला लागलेलं दिसतंय."

"ते जुनं आहे." त्याने पोच्यावरून अंगठा फिरवला. "त्याची एक गोष्टच आहे, म्हणजे झालं काय की..."

"टाकायला काढला होतात का?"

"छे! पडला तो. टाकेन कशाला?"

तिला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. त्याने गोल काखेत मारला, तिच्या हातातली खोकी घेतली आणि शाळा बंद असताना इतकी खोकी कशाला, असं जिना चढताना सहज विचारलं.

"तुमचं सामान भरायला," ती म्हणाली. "तुम्हीच ना ते पेटारेसर?"

त्याचा पाय पायरीवरच राहिला.

पेटारेसर हे काही त्याचं आडनाव नव्हतं. तिसरीच्या मुलांनी ठेवलेलं ते नाव होतं आणि आता शिपायापासून पालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. त्याच्या वर्गात काय नव्हतं असं विचारणंच सोपं. मुलांना बसायला जागा मात्र दर वर्षी थोडी थोडी कमी होत चालली होती. शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सुट्टी लागताच त्याला बोलावून निक्षून सांगितलं. शाळा उघडायच्या आत वर्ग आवरला गेला नाही, तर तो खेळाच्या सामानाला देऊन टाकीन आणि तुम्ही मुलांना घेऊन तळघरात बसा. तो वर्ग सरांचा जीव की प्राण होता. पूर्वेच्या तिन्ही खिडक्यांतून सकाळचं ऊन थेट फळ्यापर्यंत येई. आवरायला माणूसही मोठ्या बाईंनीच शोधलं होतं.

ते माणूस म्हणजे ती. लोकांची घरं, कपाटं, माळे आवरून देणं हा तिचा व्यवसाय. गल्लीत तिला टापटीप म्हणत, आणि ते कौतुक की टोमणा हे तिने कधी विचारलं नव्हतं.

वर्गाच्या दारात ती क्षणभर उभीच राहिली. मग चार खोकी मांडली आणि कामाची पद्धत सांगायला लागली. पहिलं खोकं ठेवायच्या वस्तूंचं, दुसरं द्यायच्या, तिसरं टाकायच्या. चौथ्यावर 'नंतर ठरवू' असं लिहायचं आणि त्याला चिकटपट्टी लावायची. काम संपेपर्यंत ते उघडायची गरज पडली नाही, तर न उघडताच देऊन टाकायचं, कारण ज्याची आठवण येत नाही ते आपल्याला नको असतं. आणि जी वस्तू ठेवायची असेल तिचं कारण एका वाक्यात सांगायचं. दोन वाक्यं लागली तर वस्तू गेली.

यातलं निम्मं सरांच्या कानांत शिरलंच नाही. ते तेव्हा भिंतीवरून एक घड्याळ उतरवत होते आणि त्याला काटे का नाहीत हे तिला सांगायला उतावीळ झाले होते.

"का नाहीत?" तिने अखेर विचारलं.

"मुलं आपली बोटंच काटे म्हणून धरतात. एक जण तासकाटा, एक जण मिनिटकाटा. मग भांडतात. मग सव्वानऊ का वाजले हे त्यांनाच समजावून सांगावं लागतं. मग..."

"एका वाक्यात."

त्याने जरा विचार केला. "ह्यात मुलं काटे होतात."

तिने घड्याळ पहिल्या खोक्यात ठेवलं. वाक्य बसत होतं, इलाज नव्हता.

एरवी एखादी खोली ती चुटकीसरशी हातावेगळी करायची. लोकांच्या वस्तूंत तिला कधी रस वाटला नव्हता. इथे मात्र काय होत होतं कुणास ठाऊक... अंगठ्याएवढ्या पेन्सिलींची बरणी दिसली की हात थबकायचा. मेणबत्तीचे तुकडे, एकाच पायाचा कंपास, भिंगाविनाची दुर्बीण. हे काय, हे कशाला, हे कुणाचं? प्रश्न तिचाच असायचा आणि उत्तर ऐकताना पुढचाही तिच्याच ओठांवर आलेला असायचा. दुपारी दोघं खिडकीत बसून आपापला डबा खात, आणि डबा संपला तरी बोलणं संपत नसे. काम लांबतंय हे तिला कळत होतं. आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही, हेही कळत होतं, आणि त्याचंच तिला नवल वाटत होतं.

एके दिवशी टेबलाखाली तिला पत्र्याचा मोठा डबा सापडला. ती झाकण उघडणार तोच सरांनी त्यावर हात ठेवला. तिच्या हातावरच पडला तो हात. दोघांनीही काढून घ्यायला जरा उशीरच केला.

"ह्यात माझं काहीच नाही," तो म्हणाला. "हरवलेल्या वस्तू आहेत."

डब्याचा नियम सरांचा होता. ज्याचं हरवलंय त्याने स्वतः यायचं, डब्यात न बघता वस्तूचं वर्णन करायचं, आणि जुळलं की घेऊन जायचं. आपण होऊन कुणाला काही द्यायचं नाही. दिलं की घेणारा नुसता घेतो, शोधत आला की ती वस्तू त्याची होते, असं त्याचं म्हणणं. मागे एक मुलगी शाळा सोडून कितीतरी वर्षांनी रिबीन विचारत आली, ती आता बस चालवते. वर्णन अचूक केलं तिने, अगदी टोकाशी सुटलेल्या धाग्यासकट.

"आणि जे कुणी येतच नाहीत?"

"त्यांची वाट बघायची."

"महिनाभर ज्याची आठवण आली नाही, ते आपलं नसतंच मुळी."

"काहींना आठवण यायला वेळ लागतो," तो तिच्याकडे बघत म्हणाला. तिला वाटलं की अजूनही काही म्हणेल. पण तो पेन्सिलींची बरणी पुसायला लागला, आणि तिने उगाचच स्वतःच्या कोटाचं बटण चाचपलं. बटण जागेवर नव्हतं. असेल कुठेतरी पडलं, दुसरं लावू, असं म्हणून ती ते विसरून गेली.

घरी तिची आई होती, आणि घर म्हणजे दोन खुर्च्या, एक टेबल, मोजकी भांडी. आई त्याला दवाखान्याचं बाकडं म्हणायची. बसायचं, पण नंबर लागला की उठायचं. वडिलांची फिरतीची नोकरी होती. दर बदलीला प्रत्येकाला एकच ट्रंक मिळे, तेव्हा बाहुल्या मागे राहत, मैत्रिणी मागे राहत. रडण्यापेक्षा आपणच आधी टाकून द्यावं हे ती फार लहानपणी शिकली होती. वडील गेले तरी शिकलेलं गेलं नाही. आई बिचारी रिकाम्या बाटल्या पलंगाखाली लपवायची आणि ती त्या शोधून काढायची.

"डब्यातला चमचा कुठाय गं?" आईने एका संध्याकाळी विचारलं.

"असेल. दुसरा घाल उद्या."

आईने रिकामा डबा पुन्हा एकदा उलटा करून बघितला.

शेवटी काम संपलं. सुट्टीचाही शेवटचाच दिवस होता. मोठ्या बाई येऊन वर्ग बघून गेल्या. बाकांमधून सरळ चालता येत होतं, कपाटांची दारं लागत होती, फळा पूर्ण दिसत होता. वर्ग तुमचाच, असं त्या सरांना म्हणाल्या आणि कागदावर सही घ्यायला त्यांना खाली घेऊन गेल्या. तेवढ्यात दुकानाची गाडी आली. लोकांनी दिलेल्या वस्तू स्वस्तात विकणारं दुकान होतं ते, दुसरं खोकं तिथेच जायचं होतं. तिने ते दिलं. मग चौथं उचललं. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. न उघडलेलं खोकं आत डोकावूनही बघायचं नाही हा तिचा शिरस्ता, तेव्हा तिने तेही दिलं.

सर आले ते हसतच. मग त्यांची नजर खिडकीखालच्या रिकाम्या जागेवर गेली.

"इथलं खोकं?"

"गेलं. काम संपलं ना. उघडलं नव्हतंत तुम्ही."

"त्यात डबा होता," तो म्हणाला. "मला वाटलं, नंतर ठरवू म्हणजे नंतर ठरवू. तिथेच सगळ्यांत सुरक्षित राहील."

"नियम मी पहिल्याच दिवशी सांगितला होता."

"सांगितला असेल. मी तेव्हा घड्याळाबद्दल बोलत होतो." त्याने स्वतःशीच मान हलवली. "तुमची नाही चूक."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने तिची पिशवी जिन्यापर्यंत आणून दिली, वर्ग फार सुंदर दिसतोय असं मनापासून म्हणाला आणि परत वर गेला. ह्या जिन्यावर पुन्हा यायला आता आपल्याला काही निमित्त उरलं नाही, हे तिला शेवटच्या पायरीवर समजलं.

घरी तिला चहाही गोड लागेना. आईने एकदा बघितलं, दोनदा बघितलं आणि मग समोर बसली.

"तो चमचा सापडला का?"

"आई, एका चमच्यासाठी किती दिवस..."

"दांड्यावर तुझ्या दातांचे व्रण आहेत त्याच्या. पहिले दात आले तेव्हाचे. सगळ्या बदल्यांतून तेवढा एक तुझ्यापासून वाचवला मी. रोज तुझ्याच डब्यात घालायचे. वापरातली वस्तू तू टाकत नाहीस ना, म्हणून."

ती आईकडे बघतच राहिली. तिला तो चमचा हवा होता, अगदी तोच. आणि चमच्याबरोबर खिडकीतली दुपार आठवली, पुढ्यातले डबे, शेजारी बसून हातवारे करत सांगणारा तो... हरवल्याचं दुःख होतं ते. इतक्या वर्षांनी झालं की ओळखायलाही वेळ लागला.

सकाळी दुकान उघडताच ती तिथे पोहोचली. बाहेर भुरभुर पाऊस होता. आतल्या मावशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तिने काही विचारण्याआधीच त्यांनी मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे, जुन्या खुर्च्या आणि दिव्यांच्या दाटीत, एका बुटक्या स्टुलावर पेटारेसर बसले होते. मांडीवर पत्र्याचा डबा. शाळा भरायच्या आत डबा शोधून न्यायला आले होते, आणि केसांत खडूऐवजी आता कोळिष्टकं होती.

ती समोर उभी राहिली.

"माझा चमचा हरवलाय," ती म्हणाली.

त्याने झाकण तिच्या बाजूने आडवं धरलं, तिला दिसू नये असं. "वर्णन सांगा."

"छोटा आहे. मान जरा वाकडी. दांड्यावर दातांचे व्रण आहेत... माझ्या."

चमचा तिच्या हातात आला. तिने तो मुठीत घट्ट धरला. पण झाकण बंद झालं नव्हतं.

"अजून आहे तुमचं ह्यात," तो म्हणाला.

"माझं?"

"आठवा."

आपल्याला काही आठवत नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि आठवायला लागलं. तपकिरी बटण, कोटाचं. दोघांनी मिळून कपाट सरकवलं होतं त्या दिवशी. निळी क्लिप. दुर्बिणीतून बघायला केस मागे घेतले होते तेव्हा. रुमाल, कोपऱ्यात शाईचा डाग. "तुमच्या बोटाला पत्रा लागला तेव्हा दिला होता मी. तुम्ही म्हणालात, धुऊन देतो." एकेक वस्तू तिच्या ओंजळीत येत गेली. रुमाल धुतलेला होता, इस्त्रीसुद्धा केलेला. आपल्याला वस्तू आठवत नव्हत्या, प्रत्येक वेळी तो कुठे उभा होता ते आठवत होतं, हे तिच्या लक्षात आलं आणि कान गरम झाले.

"तेव्हाच का नाही दिलंत?"

"नियम आहे. मालकाने शोधत यायचं."

"आणि मी आलेच नसते तर?"

"वाट बघितली असती." त्याने झाकण लावलं. "रोज वाटायचं, आज विचाराल. कालही वाटलं होतं."

बाहेर पाऊस जरा वाढला. तिने ओंजळीतलं सगळं कोटाच्या खिशात घातलं आणि त्याच्या केसांतलं कोळिष्टक काढलं. हात लगेच मागे घेतला नाही.

"अजून एक राहिलंय," ती हळूच म्हणाली. "पण ते हरवायच्या आत ठेवून घ्यायचंय मला. वर्णन करू? उंच आहे. डोक्यात कायम धूळ. साधी गोष्ट विचारली तर पार मुळापासून सांगत बसतं..."

त्याचे डोळे हसायला लागले होते. "ठेवायचं असेल तर कारण सांगावं लागतं. एका वाक्यात. दोन लागली तर वस्तू गेली."

तिने श्वास घेतला. "मला तुम्ही हवे आहात."

वाक्य एकच होतं आणि पुरलं. आता उत्तराची पाळी त्याची होती. काटे नसलेल्या घड्याळापासून पोचा आलेल्या पृथ्वीपर्यंत प्रत्येक गोष्टीचं पाल्हाळ लावणाऱ्या पेटारेसरांना त्या दिवशी एकाच शब्दात भागवता आलं.

"मलाही."

मावशींच्या हातातली घडी केव्हाची थांबली होती. ठरलं असेल तर जरा बाजूला व्हा, मला मागच्या खुर्च्या काढायच्यात, असं त्या म्हणाल्या. दोघं डबा मध्ये धरून बाहेर पडले, आणि शाळेची घंटा व्हायला अजून वेळ होता, म्हणून लांबच्या रस्त्याने गेले. उत्तर ध्रुवाला पोचा कसा आला, ते तिला अजून ऐकायचं होतं.