काटा खाली कोण ठेवणार?

पलूसहून अंकिताच्या गावाकडं जाणारी उसातली वाट जेमतेम एका गाडीची. त्या वाटेत तिची स्कूटी आणि समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर... झालं! आता मागं कोण घेणार?

"ओ मॅडम, दोन ट्रॉल्या हायत. मला मागं जाता येत न्हाई."

"मग मीच का जाऊ? वाट काय तुमच्या नावावर आहे?"

ट्रॅक्टरवरचा शिवतेज हसला. शेजारच्या गावचं पोरगं, बी.एस्सी. होऊन घरचा ट्रॅक्टर चालवणारं. तेवढ्यात वाऱ्यानं अंकिताच्या पिशवीतले झेरॉक्स उडाले. त्यानं खाली उतरून ते गोळा केले.

"कॉम्प्युटरचं दिसतंय. मग हातानं कुणी लिवलं?"

"डाइक्स्ट्रानं. एवढा मोठा संगणकतज्ज्ञ, पण शाईच्या पेनानं लिहायचा! कॉलेजच्या सेमिनारसाठी शोधताना सापडला आणि मला वेडच लागलं त्याचं. हे आपलंच बघा ना... पाच विद्वान जेवायला बसलेत. जेवायला दोन काटे, म्हणजे फोर्क, लागतात, हातात एकेकच. शेजाऱ्याचा मिळेल म्हणून प्रत्येक जण थांबलाय. सगळे उपाशी!"

"विद्वान असून? मग सुटका कशी?"

"एकानं काटा खाली ठेवायचा. अशा अडकण्याला तो... जीवघेणी मिठी म्हणायचा."

बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली बाई! स्कूटी शेवटी तिनंच मागं घेतली. एक पान मात्र "वाचून उद्या देतो" म्हणून त्याच्याकडं राहिलं.

ते 'उद्या' ऊस संपत आला तरी संपेना. रोज एक पान जायचं, एक परत यायचं. कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं — 'हितं समजलं न्हाई.' मग वाटेतच अर्धा तास शिकवणी. मनातलं मात्र दोघांच्याही ओठावर येईना. तो बोलेल म्हणून ही गप्प, ही बोलेल म्हणून तो.

काल तिनं सांगून टाकलं, "उद्या चारला कोरेगावचे पाहुणे येणार. मुलगा मिलिटरीत आहे. पसंत पडलं तर लगेच सुपारी फोडायची म्हणतात आण्णा."

"बरं," शिवतेज म्हणाला.

बरं? नुसतं बरं! अंकिताच्या जिवाची लाही लाही झाली.

आज साडेतीनला ट्रॅक्टर वाटेत उभा. तिनं स्कूटी थांबवली. ट्रॅक्टरच्या मागं बघते तर ट्रॉल्याच नाहीत.

"फडात सोडून आलो," तो खाली बघत म्हणाला. "आज मला मागं जाता येतंय. तुमाला उशीर नको व्हायला..."

त्यानं इंजिन सुरू केलं. ट्रॅक्टर हळूहळू मागं सरकू लागला. इकडं पिशवीत आण्णांचा फोन वाजत होता. खुळा कुठला! काटा खाली ठेवला खरा, पण भलताच.

"खबरदार, वीतभर जरी मागं घेतलंत तर!" ती ओरडली. "प्रेम आहे माझं तुमच्यावर. ठेवला मी काटा! आता तरी बोला!"

इंजिन बंद पडलं. तो खाली उतरला.

"लय हाय... पहिल्या दिवसापासनं. तोंडच उघडंना माझं."

अंकितानं फोन उचलला. "आण्णा, सुपारी फोडू नका. माझ्याबरोबर एक माणूस येतोय, आधी त्याला भेटा." मग शिवतेजचा हात धरून ती ट्रॅक्टरच्या कडेनं चालू लागली.

"आवं, पाहुण्यांची गाडी ह्याच वाटेनं यायची. ट्रॅक्टर, स्कूटी, समदं मधीच हाय!"

"असू दे की," ती म्हणाली. "मागं घ्यायची का, ते त्यांचं त्यांनी ठरवावं."