दिवसा गार, संध्याकाळी गरम

भर दुपारी बाहेर पंचेचाळीस अंश तापमान असताना शलाकाच्या घरात जेमतेम तेहतीस अंश असायचे. फरशीवर अनवाणी उभं राहिलं की पायांना कसं बरं वाटायचं! पण सूर्य बुडाला, अंगणातल्या कडुनिंबाची पानं हलायला लागली, गल्लीतली माणसं बाहेर येऊन वारा खायला लागली, की हेच घर तापायला सुरुवात व्हायची. जेवायच्या वेळेपर्यंत आत सदतीस अंश. बाहेर निवतंय आणि आत तापतंय, असं उलटं कसं होतं?

चंद्रपूरजवळच्या त्यांच्या गल्लीत बावीस घरं होती आणि बावीसही घरांत हीच तक्रार होती. जानेवारीत सरकारच्या ‘गारघर’ योजनेची माणसं आली. घरमालकांकडून एक पैसाही न घेता त्यांनी गच्चीवर जाड, हलक्या पाट्या बसवल्या, वरून पांढराशुभ्र रंग दिला, खिडक्यांना दुहेरी काचा लावल्या. भिंतीत वरच्या बाजूला असलेले झरोकेसुद्धा घट्ट होणाऱ्या फेसानं बुजवले. मग ‘दारं-खिडक्या बंद ठेवा’ असं लिहिलेलं कार्ड दाराला चिकटवून ती निघून गेली. मार्चमध्ये सगळे खूश होते. मे उजाडला आणि सगळे वैतागले. समोरच्या चहांदेकाकूंनी तर गच्चीवरच्या पाट्या उपटून त्यांचं कोंबड्यांचं खुराडं केलं.

शलाकाच्या घरी मात्र गोष्ट वैतागण्याच्या पुढे गेली होती. मागच्या आठवड्यात जेवता जेवता आबांना, म्हणजे तिच्या आजोबांना, घेरी आली. डॉक्टर म्हणाले, “यांना संध्याकाळी आणि रात्री गार खोली हवी. नाहीतर उन्हाळाभर दुसरीकडे न्या.” रविवारी काका येऊन आबांना नाशिकला घेऊन जाणार होता. डॉक्टरांकडून आल्या दिवशीच बाबांनी बसवलेलं सगळं काढून टाकण्यासाठी योजनेकडे अर्ज केला.

 आबांनी आपली प्रवासाची छोटी पेटी काढली आणि ती पुसत बसले. शलाकाला ते बघवेना.

शुक्रवारी दुपारी अर्जाची पाहणी करायला यंत्रमानव आला. त्याचं नाव होतं निरीक्षक सात. उंचीला शलाकाच्या खांद्याएवढा, राखाडी, आणि बोलायला फार अदबशीर. त्यानं घरभर फिरून तापमान घेतलं.

“घर उत्तम आहे,” तो म्हणाला. “याआधीच्या तिन्ही पाहण्यांतही उत्तमच होतं.”

“त्या पाहण्या कधी झाल्या होत्या?” शलाकानं विचारलं.

“दुपारी एक, दुपारी दोन, सकाळी अकरा.”

“मग तू संध्याकाळी ये ना! आमचं घर संध्याकाळी आजारी पडतं.”

“माझं काम पाच वाजता संपतं. पण असं कोणी मला सांगितलं नव्हतं. मी परवानगी मागतो.” त्याच्या छातीवरचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला. “मिळाली.”

सात वाजता आई स्वयंपाकाला लागली. निरीक्षकानं आपल्या पोटातल्या कप्प्यातून एक चष्मा काढून शलाकाला दिला. “हा अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे, उष्णता वाहून नेणारे किरण) पाहतो आणि माझ्या मापकांवरून हवेलाही रंग देतो. घाल, मग मला दिसतं ते तुलाही दिसेल.”

शलाकानं चष्मा घातला आणि तिचं ओळखीचं घर नाहीसं झालं. ती जणू रंगांच्या तळ्यात उभी होती. छत खोल निळं, शांत. फरशी जांभळी. आईचे हात केशरी, आणि त्यांनी भाकरी थापली की परातीत क्षणभर केशरी ठसे उमटून विरून जात. पाठीमागे फ्रीज मंद उजळत होता. आबा खुर्चीत बसले होते, ते एखाद्या समईसारखे दिसत होते. तिनं मान वळवली. पश्चिमेची भिंत फुललेल्या पळसासारखी पेटली होती.

“आग!” ती ओरडली.

“आग नाही,” निरीक्षक म्हणाला. “ते आज दुपारचं ऊन आहे. आत्ता पोचतंय.”

“आत्ता? सूर्य तर बुडाला!”

“भिंत विटांची आहे, नऊ इंच जाड. दुपारी तिची बाहेरची बाजू तापते. एक कण शेजारच्या कणाला ऊब देतो, तो पुढच्याला. असं करत ऊब आत यायला सहा-सात तास लागतात. याला औष्णिक विलंब (उष्णतेला भिंतीतून पलीकडे पोचायला लागणारा वेळ) म्हणतात.”

“पण भिंत तर गेल्या वर्षीही होती,” बाबा दारातून म्हणाले. “तेव्हा दुपारी भट्टी असायची, पण रात्री घर निवायचं. हे सगळं लावल्यावरच निवेनासं झालं.”

 आबा खुर्चीत सावरून बसले.

“नितेश,” ते बाबांना म्हणाले, “गच्चीवर बसवलंय काय, तर उष्णतारोधक (उष्णतेची वाटचाल मंदावणारा थर). तो काही गारवा तयार करत नाही. थर्मासमध्ये बर्फ टाक, गार राहील. चहा ओत, गरम राहील. उष्णता बाहेरची की आतली, हे त्याला कळत नाही. तो फक्त तिला अडवतो.”

“म्हणजे आपलं घर थर्मास झालंय!” शलाका म्हणाली. “आणि भिंत त्यात रोज संध्याकाळी चहा ओततेय!”

“भिंत, चूल, फ्रीज आणि आपण चौघंही,” आबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. “माणूस नुसता बसला तरी जुन्या शंभर वॅटच्या दिव्याएवढी ऊब देतो. पूर्वी ती जायची कुठून?”

शलाकानं वर पाहिलं. छताला लागून, बुजवलेल्या झरोक्यांशी, केशरी धुकं तरंगत होतं. दार बंद असलेल्या खोलीत पाहुणे खोळंबून उभे राहावेत तसं.

“तिथून!” ती म्हणाली.

“एकतीस वर्षं मी खाणीत जमिनीखाली हवा खेळती ठेवायचं काम केलं,” आबा म्हणाले. “हवेला यायची वाट लागते आणि जायचीही. गरम हवा हलकी, ती वर जाते. वर वाट बुजवली, तर ती जाणार कुठे?”

बाबांनी क्षणभर दाराच्या कार्डाकडे पाहिलं. मग शिडी आणून सुरीनं दोन झरोक्यांतला फेस कापून काढला. आईनं पूर्वेची खिडकी उघडली. आबांच्या सांगण्यावरून शलाकानं खिडकीत उदबत्ती लावली. धुराची रेघ आधी सरळ वर गेली, थबकली, मग हळूच वळली आणि खोलीभर तरंगत झरोक्यातून निघून गेली. शलाकाला चष्म्यातून त्या धुराच्या वाटेनं खिडकीतून निळी हवा ओहोळासारखी आत येताना दिसत होती. सगळे मान वर करून बघत राहिले. 

तासाभरानं निरीक्षकानं सांगितलं, “चौतीस.”

भिंतीचं काम शनिवारी झालं. योजनेत यंदा भिंती नव्हत्याच. म्हणून आबांनी बाबांकडून बांबूचे तट्टे आणवले आणि पश्चिमेच्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून उभे करवले. ऊन तट्ट्यावर पडायचं आणि मधल्या फटीत तापलेली हवा वरून निसटून जायची. झरोक्यांना बाबांनी उघडमिट होणारी झाकणं लावली. बाहेर घरापेक्षा गार झालं की उघडायची, सूर्य वर आला की मिटायची.

रविवारी काका आला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. तो घाम पुसत आत शिरला आणि दारातच थांबला. “कूलर घेतला का रे दादा?”

“नाही,” बाबा म्हणाले. “झरोके उघडले.”

काका दोन दिवस राहिला आणि एकटाच परत गेला. बाबांनी अर्ज मागे घेतला. चहांदेकाकूंनी कोंबड्यांना जुन्या फळ्यांचं नवं खुराडं दिलं आणि पाट्या धुऊन पुन्हा गच्चीवर चढवल्या. मग गल्लीतल्या एकेका घराचे झरोके मोकळे होत गेले.

निरीक्षक सातनं आपल्या अहवालात दोन ओळी लिहिल्या: पाहणी संध्याकाळीही करावी. घरात राहणाऱ्यांना विचारावं.

जूनच्या सुरुवातीला योजनेच्या कार्यालयातून आबांना बोलावणं आलं. पुढच्या वर्षी तीन जिल्ह्यांतली घरं ‘गारघर’ होणार होती. कामगारांना हवेची वाट शिकवायला माणूस हवा होता. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला. निरीक्षक गाडीचं दार धरून उभा होता.

“शलाका, तुलाही बोलावलंय,” तो म्हणाला. “एका शाळेचं घोडं अडलंय. तिथे सकाळी वर्ग गार असतात आणि मधल्या सुट्टीनंतर अचानक तापतात. आम्हाला कारण सापडत नाही.”

शलाका धावत जाऊन आबांच्या शेजारी बसली. “मधल्या सुट्टीनंतरच का बरं?” ती स्वतःशीच पुटपुटली. गाडी निघाली तरी ती खिडकीबाहेर, दूर, तापलेल्या उन्हात थरथरणाऱ्या घरांकडे बघत होती आणि प्रत्येक भिंत तिला काहीतरी सांगायला आतुर असल्यासारखी वाटत होती.