एकतिसाव्या फुटाची हाक

कंदील जरा बारीक करा, आणि दाराकडे पाठ करून कुणी बसू नका. हे मी कुठे वाचलेलं नाही. आमच्या कचेरीतल्या गुरुलिंग ओव्हरसियरवर गुदरलेलं आहे, आणि गुरुलिंग म्हणजे आमटीतल्या मिठाचंही माप ठेवणारा माणूस. थाप मारायला जी करामत लागते ती त्याच्या अंगात नव्हतीच. गावाचं नाव सांगणार नाही. सीनेकाठी आहे, आणि त्यातली माणसं अजून हयात आहेत.

काम साधंच होतं. तेहेतीस सालच्या सर्वपित्री अमावास्येला सीनेला पूर आला आणि त्या गावची खालची आळी रात्रीतून वाहून गेली. सात माणसं दगावली. पाणी कुठवर चढलं आणि कुठे किती खोल होतं, याचा नकाशा सरकारला हवा होता. घाटावर एक दगडी खांब, त्यावर फुटांचे आकडे रंगवलेले. त्याला गावात पट्टी म्हणत. पट्टीवर वीस फूट पाणी होतं असं कळलं, की दुर्बीण लावून गावात त्याच उंचीच्या जागा शोधायच्या आणि खुंट्या ठोकायच्या. त्या खुंट्या कागदावर जोडल्या की पाण्याची कड मिळते. कडेच्या आतली जमीन जितकी खाली, तितकं तिथे पाणी. गुरुलिंगला यात गोडी होती. एका आकड्यावरून अख्खा पूर कागदावर उभा करायचा, हे त्याला फार आवडे.

पण आकडाच मिळेना. पट्टी वाचायला कोंडीबा नावाचा धनगर होता. त्याला लिहिता येत नसे, आकडे तेवढे ओळखता येत. पूर चढला की दर तासाला तो घाटावरून आकडा ओरडायचा. खालच्या आळीतला बाळासो त्याला ‘ओ’ द्यायचा, मग तोच आकडा वर चावडीकडे ओरडायचा, आणि चावडीत तो वहीत चढायचा. ‘ओ’ आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा कोंडीबाचा नेम. त्या रात्रीच्या वहीत आठाला सतरा फूट होतं, नवाला एकवीस. पुढे पान कोरं. कोरं म्हणजे कोंडीबा पळाला, असं गावाने ठरवून टाकलं. त्याने हाळी दिली असती तर सात माणसं वाचली असती. कोंडीबाच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती; तसं प्रेत भीमेच्या संगमापर्यंत शोधलं, ते कुठे मिळालं नाही. त्याच्या बायकोला, मायाक्काला, गावाने पाणवठासुद्धा वेगळा करून दिला.

गुरुलिंग चौतीस सालच्या भाद्रपदात तिथे गेला. पुराची उंची कुणी सव्वीस फूट सांगे, कुणी पस्तीस. खालच्या आळीच्या मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या, पाण्याची खूण कुठेच उरली नव्हती. त्यातून साहेबांचा हुकूम होता, की वही कोरी का राहिली याचा शेरा नकाशावर पाहिजे, आणि नकाशा मंगळवारी सकाळी गाडीवानाच्या हाती निघाला पाहिजे. सोमवारी सर्वपित्री होती. त्या संध्याकाळी मायाक्का भाकरी घेऊन आली. फडकं खाली ठेवलं आणि उभीच राहिली.

“सायेब, माझा माणूस पळाला न्हाय,” ती म्हणाली. “पळाला असता तर घरला आला असता की.”

गुरुलिंगला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि वही वेगळी. ती गेल्यावर त्याने नकाशाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने लिहिलं, ‘मापक जागेवर नव्हता.’ शाई सकाळी भरायची होती.

मुक्काम घाटावरच्या खोलीत होता. जुनी खोली पुरात गेली म्हणून ही नवी बांधलेली. तिचा उंबरा पट्टीच्या तिसाव्या फुटाशी येतो, हे त्याने स्वतः मोजलं होतं. दोन हात लांबरुंद नकाशा त्याने जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. मापाची काठी धरायला गावातून माणूस घेतला होता, तो नेमका बाळासो. तो दाराशी घोंगडी घेऊन पडला होता. नदीत त्या रात्री जेमतेम तीन फूट पाणी होतं. वारा नव्हता.

घड्याळात दहा वाजले.

“बाळासोऽऽ… चोवीस फूऽट… ऐकलं का रंऽऽ…”

आवाज खालून, नदीकाठच्या मसणवट्याच्या अंगाने आला. गुरुलिंगला वाटलं, कुणी मेंढपाळ असेल. त्याने बाळासोकडे पाहिलं. बाळासो टक्क जागा होता, आणि घोंगडीचं टोक त्याने दातात धरलं होतं. परत हाक आली. तेच शब्द, तीच ओढ. गुरुलिंग उठू लागला, तशी बाळासोने त्याची पोटरी धरली.

“ओ दिऊ नगा,” तो म्हणाला. “तुमच्या पाया पडतो.”

मग बाळासोने सांगितलं. वर्षभर पोटात ठेवलेलं भडाभडा बाहेर आलं. मागल्या साली नवाची हाक घाटावरून आली, ती ओळखीची होती, तिला त्याने ओ दिली. दहाची हाक आली ती भलतीकडून, मसणवट्याच्या बाजूने. दरड तिथूनच चढते. पाणी वाढेल तसा कोंडीबा त्या अंगाने मागे सरत होता. पण ते आता कळतं. तेव्हा पाऊस, अंधार, सर्वपित्रीची रात, आणि मसणवट्यातून कुणीतरी नाव घेऊन बोलावतंय. सगळी आळी जागी होती. सगळ्यांनी ऐकलं. अवसेच्या हाकेला ओ द्यायची नसते, म्हणून आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. अकरालाही ठेवला. बाराला पाणी घरात आलं. बाळासो लिंबावर चढला, आई राहिली खाली.

“त्यो पळाला न्हाय, सायेब. त्यो आमच्या ओची वाट बगत हुता.”

गुरुलिंगने शेऱ्याकडे पाहिलं. खोडरबर उचललं, पुन्हा ठेवलं. भुताच्या साक्षीवर सरकारी कागद कसा बदलायचा?

अकरा वाजले.

“सत्तावीस फूऽट…”

आता आवाज आणखी वरून, दरडीवरून. कंदील घेऊन गुरुलिंग उंबऱ्याबाहेर गेला. नदी खाली होती तिथेच होती. आकडा कळेपर्यंत दरडीवर त्याने दुपारी स्वतः फुटाफुटाला खुंट्या ठोकून ठेवल्या होत्या, त्यात एक सत्ताविसाव्या फुटाची. हाक बरोब्बर त्या खुंटीपासून येत होती. तिथे कुणी नव्हतं. खुंटीभोवतालचं गवत मात्र एका बाजूला आडवं झालं होतं, आणि हलत होतं… वारा नसताना.

तो आत आला. दार लावलं. कडी घातली.

मग नुसतं बसायचं. बाळासो भिंतीला टेकून. गुरुलिंग नकाशापाशी. घड्याळ तेवढं चाललं होतं. पावणेबारा. ओल्या मातीचा वास आला. बाराला पाच कमी. कंदिलाची ज्योत खाली गेली. वर करून होईना. मग तीही गेली.

बारा.

दारापाशी. अगदी दारापाशी.

“एकतीस… फूट…”

तोंडात पाणी धरून बोलावं, तसा आवाज.

“बाळासो… ऐकलं का…”

ओ गेली नाही.

“ऐकलं… का रं…”

आता दाराच्या आत. गुरुलिंगच्या मांडीला गार लागलं. पाणी नव्हे. नुसतं गार. ते चढत होतं. कमरेला आलं. अंधारात बाळासो रडत होता, एवढंच कळत होतं.

“बाळासो…”

आणि बाळासोने ओ दिली.

“ओऽऽ,” तो म्हणाला. “ऐकलं, कोंडीबा. एकतीस फूट. ऐकलं. तू जा आता.”

मग तो तसाच उठला, चाचपडत कडी काढली, दारात उभा राहिला आणि चावडीकडे तोंड करून बेंबीच्या देठापासून ओरडला, “एकतीस फूऽऽट.” वर गावात कुत्री भुंकली. कुणाच्या तरी घरात दिवा लागला.

त्यानंतर पहाटेपर्यंत काही झालं नाही. दोघं एकमेकांना धरून बसले होते.

उजाडलं तेव्हा खोली कोरडी होती. जमीन कोरडी, घोंगडी कोरडी. नकाशा मात्र ओला होता, आणि नदीच्या बाजूने त्यावर गाळ चढला होता, बारीक, तांबूस. गाळाला कड होती. गुरुलिंगने कडेवरच्या सात जागा काढल्या, दुर्बीण घेऊन गावात गेला, सातही ठिकाणी काठी धरली. एकतीस. एका बोटाचाही फरक नाही. त्याने शेरा खोडला आणि शाईने लिहिलं, ‘मापक शेवटपर्यंत जागेवर होता.’ आधार काय, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा त्याने चावडीत पंचांपुढे दिलेला बाळासोचा जबाब पुढे केला. नकाशाची नवी प्रत काढून दिली. मूळ कागद मात्र कचेरीत दिला नाही.

तो त्याने मायाक्काला दाखवला होता, त्याच सकाळी, जबाब संपल्यावर. तिला नकाशातलं काय कळणार. गुरुलिंग सांगू लागला, ही नदी, हा घाट, ही पट्टी. पट्टी काढली होती तिथे मात्र गाळ सलग चढलेला नव्हता. दोन जागा कोऱ्या राहिल्या होत्या, गाळात कुणी पाय रोवून उभं राहावं तशा, टाचा नदीकडे, चवडे खालच्या आळीकडे. मायाक्का खाली बसली. बोट कागदाला न लावता तिने मोजलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि पदर तोंडाला लावला.

उजव्या पायाला पाच बोटं होती. डाव्याला चार.