जिराफाचे चौदा मणके

ताईने धाकट्या बहिणीला चुकीची लिंक पाठवली, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

खरं तर त्या रविवारी दुपारी चार वाजता या धाकटीला नव्या भिंगांवरचं एक ऑनलाइन व्याख्यान ऐकायचं होतं. चष्म्याच्या दुकानात ती लोकांची नजर तपासायची. असली व्याख्यानं बुडवून चालत नसे. वही-पेन घेऊन ती शहाण्यासारखी बसली, लिंक उघडली, तर आत वीसेक माणसं हसत-खिदळत होती आणि एक वयस्क बाई खणखणीत आवाजात विचारत होत्या, "ऑक्टोपसला हृदयं किती?"

आता हे माहीत असताना गप्प कसं बसायचं? तिने टाइप केलं – 'तीन.'

"बरोबर," बाई म्हणाल्या. "पण ही कोण?"

खाली लगेच कुणीतरी लिहिलं, 'कोण का असेना, तोंडचा घास पळवला माझ्या.' लिहिणाऱ्याचं नाव होतं 'तळमजला'.

चुकून आले, माफ करा, असं म्हणून ती निघणार होती. निघाली नाही. व्याख्यान राहिलं बाजूला आणि ती त्या दिवशीची स्पर्धा जिंकून बसली.

त्या गटाचं नाव होतं 'रिकामटेकडे', आणि त्यातलं एकही माणूस रिकामं नव्हतं. प्रश्न विचारणाऱ्या बाई निवृत्त ग्रंथपाल होत्या. उत्तराला पंधरा सेकंद मिळायचे, म्हणजे कुठे शोधाशोध करायला वेळ नको. बक्षीस काही नाही. उलट जिंकणाऱ्याच्या गळ्यात काम पडायचं. पुढच्या रविवारचे दहा प्रश्न त्याने काढून बाईंना द्यायचे आणि त्या रविवारी स्वतः खेळायचं नाही. तिने नाव घेतलं 'चष्मेबहाद्दर'. लहानपणी दादा ज्या नावाने चिडवायचा, ते आता तिने स्वतःच मिरवायला घेतलं.

तळमजला लिफ्ट दुरुस्त करायचा. बसने तीन तासांवरच्या गावात राहायचा. आधी गटातली खेचाखेची, मग वेगळे मेसेज, मग जेवणाच्या सुट्टीत फोन. तो कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवर डबा उघडून बसलेला असायचा, ती दुकानाच्या मागच्या खोलीत. तिने एकदा विचारलं, लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांशी तू काय बोलतोस? तो म्हणाला, "कोडी घालतो. बाहेर येईपर्यंत घाबरायचं विसरतात."

"आणि उत्तर नाही आलं तर?"

"मग... अजून थोडा वेळ आत ठेवतो."

ती एवढी हसली, की बाहेरच्या गिऱ्हाइकाने पडदा बाजूला करून पाहिलं. पाच महिन्यांत हे असं दर दोन दिवसांनी व्हायला लागलं, आणि तिला कळून चुकलं की आपलं काही खरं नाही. लाजत-मुरकत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. येत्या रविवारी खेळ संपला की फोन करायचा आणि सरळ सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं.

तो रविवार उजाडला. खेळ रंगला, दोघांचे गुण सारखे झाले, आणि शेवटचा प्रश्न आला : जिराफाच्या मानेत मणके किती?

तिने लिहिलं, 'सात.' त्याचं उत्तर तिच्याही आधी येऊन पडलं होतं – 'चौदा.'

गटात टाळ्यांचा पाऊस पडला. ती मात्र पडद्याकडे बघत राहिली. कारण जिराफाची मान केवढीही लांब असली तरी मणके माणसाइतकेच, सातच, हे तिला सांगितलं कुणी होतं? त्यानेच. मंगळवारी, डब्यातली पोळी चावता चावता, वर स्वतःच्या मानेचे मणके फोनवर मोठ्याने मोजत.

तिचं डोकं फिरलं. घरातलं शेंडेफळ म्हणून तिने हे पुष्कळ सोसलं होतं. बाबा कॅरममध्ये राणी तिच्यासाठी सोडायचे, दादा पत्त्यांत हुकूम लपवायचा. अकराव्या वर्षी तिला ते कळलं, आणि आपण एकही डाव खरा जिंकलेला नाही या विचाराने ती दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. सगळे लाड करतात, पण बरोबरीचं कुणी धरत नाही. हा धरतो, असं तिला वाटलं होतं. म्हणून तर तो आवडला होता.

ठरल्याप्रमाणे तिने फोन केला, पण बोलली भलतंच.

"चौदा?"

तो हळूच म्हणाला, "...घाईत झालं."

"खोटं बोलू नकोस. कितीदा केलंस हे?"

तो खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. तीनदा, म्हणाला. कोणकोणत्या रविवारी तेही सांगितलं. बाकीचे विजय तुझेच, ऑक्टोपससकट. का केलंस, असं तिने विचारलं तेव्हा मात्र तो अडखळला.

"जिंकलीस की पुढचे प्रश्न तू काढतेस म्हणून. तुझ्या प्रश्नांत तुझा अख्खा आठवडा असतो. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं, असं विचारलंस, त्या आठवड्यात ताईशी तुझं बिनसलं होतं. मला... ते वाचायचं असतं."

तिचा राग अर्धा तिथेच वितळला. पण उरलेला अर्धा महत्त्वाचा होता.

"मग विचारायचं ना, आठवडा कसा गेला म्हणून. मला जिंकवणारे घरी पुष्कळ आहेत रे. तूही त्यांतलाच निघालास तर आपलं जमायचं नाही."

त्याने माफी मागितली. तिला माफी नको होती. पुढच्या रविवारी इथे ये, तिने सांगितलं. समोरासमोर खेळू, माझ्याऐवजी प्रश्न या वेळी बाईंनाच काढायला सांगते. एक जरी उत्तर मुद्दाम चुकवलंस, तर आल्या बसने परत जायचं. "आणि मला कळेल. दिवसभर लोकांचे डोळेच बघते मी."

तो आला. फोटोत होता त्यापेक्षा उंच, आणि आवाजात होता त्यापेक्षा बराच लाजरा. रविवारचं दुकान बंद होतं. बाहेर भुरभुर पाऊस, आत भिंतीवर नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता, आणि काउंटरच्या दोन बाजूंना दोन स्टुलं. पाणी देताना बोटं बोटांना लागली आणि दोघंही एकदम पावसाबद्दल बोलायला लागले. मग बाईंचा आवाज आला. बघायला अख्खा गट हजर होता.

तो खेळला मात्र असा, की तिला घाम फुटला. दोनदा तर तिचं बोट अक्षरावर टेकायच्या आत त्याचं उत्तर गेलेलं होतं. तीही काही कमी नव्हती. बाईंनी या वेळी वीस प्रश्न काढले होते. एकोणीस झाले, एक दोघांचाही हुकला, आणि गुण नऊ-नऊ.

"शेवटचा," बाई म्हणाल्या. "सूर्याभोवती फिरायला लागतो त्यापेक्षा स्वतःभोवती फिरायला जास्त वेळ कोणत्या ग्रहाला लागतो?"

तिला येत नव्हतं. तरी तिने ठोकून दिलं – 'बुध.'

"चूक. तळमजला, तुझे नऊ सेकंद उरलेत."

तिने वर पाहिलं. तो फोनकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. आणि त्याच्या डोळ्यांत तिला स्वच्छ दिसलं, की त्याला उत्तर येतंय. अंगठा तसाच अधांतरी. पाच सेकंद... चार... ग्रहाचं तिला काही पडलं नव्हतं. आता हा गप्प राहिला, तर तीन तासांच्या बसने आलेलं हे माणूस ती दारापर्यंत पोचवणार होती, आणि तिला ते मुळीच करायचं नव्हतं.

"माझ्याकडे काय बघतोस," ती म्हणाली. "खेळ."

त्याने खाली पाहिलं आणि टाइप केलं – 'शुक्र.'

"बरोबर. तळमजला जिंकला," बाई म्हणाल्या, आणि गटात एकच कल्ला उठला. तिने दोन्ही फोन उलटे करून ठेवले.

तो सॉरी म्हणाला नाही. थोडक्यात गेलं, असंही म्हणाला नाही. सरळ तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "हरलीस."

"हरले," ती म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की तो लपवावा असं मनातही आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर जीव असलेलं कुणीतरी तिच्याशी पूर्ण ताकदीने खेळलं होतं, आणि तेही हरवून तिला दुखावण्याची भीती असताना.

त्याने घसा साफ केला. "मी जिंकलो तर तुला एक विचारायचं ठरवून आलो होतो. म्हणजे... तू जर..."

"तू मला आवडतोस," ती म्हणाली. "मागच्या रविवारीच सांगणार होते. जिराफ मध्ये आला."

तो हसायला लागला. काउंटर ओलांडून त्याने तिचा हात धरला, आणि या वेळी दोघांपैकी कुणीही पावसाबद्दल बोललं नाही.