नोमानचा पुकारा

त्या वर्षीचा उन्हाळा असा होता, की सिडकोतली माणसं एकमेकांना भेटली की आधी टँकर आला का ते विचारायची, मग बाकीचं. शहर मात्र वाढतच होतं. बीड बायपासला रोज एखादी नवी इमारत उभी राहायची आणि तिच्या बाजूला बोअरचं मशीन दिवसभर घरघरायचं. पाणी लागो न लागो, फ्लॅट विकले जायचे. तसल्याच एका फ्लॅटमध्ये मी एकटी राहायचे आणि दिवसभर टीव्ही सेंटरजवळच्या गाळ्यात बंद पडलेल्या हार्ड डिस्क दुरुस्त करत बसायचे. दुकान हिमांशूचं, माझ्या नवऱ्याचं. तो अपघातात गेल्यावर लोकांना वाटलं, स्वरदा आता शटर ओढून माहेरी जाईल. माहेरी तरी कोण होतं माझं?

एका दुपारी महेजबीनचाची आल्या. पाचोडहून एसटीनं आलेल्या, बुरख्यावर धूळ, आणि हार्ड डिस्क आणलेली जेवणाच्या डब्यात. डबा घासूनपुसून कोरडा केलेला. मी पाणी दिलं, तर त्यांनी अर्धा ग्लास पिऊन उरलेलं जपून बाजूला ठेवलं.

त्यांचा मुलगा नोमान बाजाराच्या दिवशी रिक्षावर भोंगा लावून पुकारायचा. साड्यांचा सेल, बियाणं, तालुक्याचे डोळ्यांचे डॉक्टर, सगळं. घरी कॉम्प्युटरवर आधी आवाज भरायचा आणि मग तो बाजारभर वाजवायचा. आदल्या पावसाळ्यात तो काविळीनं गेला. त्यानंतर कधीतरी लाइट गेली, आली ती एवढ्या जोरात आली, की कॉम्प्युटरमधून धूर निघाला. नोमानचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता.

"चेहरा हाय डोळ्यासमोर," चाची म्हणाल्या. "आवाज इसरत चालले, बेटी. रोज थोडा थोडा."

मी डिस्क पाहिली. आतल्या तबकड्या, ज्यांच्यावर सगळं साठलेलं असतं, त्या ठणठणीत होत्या. जळाला होता तो खालचा सर्किट बोर्ड. अगदी तसाच बोर्ड दुसऱ्या डिस्कवरून काढून लावला, तर आवाज निघेल, असं मी सांगितलं. चाचींनी माझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. इतक्या दिवसांत मला कुणी हात लावला नव्हता, हे तेव्हा ध्यानात आलं.

बोर्ड मिळेना. जुन्या बाजारातले भंगारवाले झाले, पुण्या-मुंबईला फोन झाले. मॉडेल जुनं, कुणी ठेवलंच नव्हतं. तसा बोर्ड एकच होता आणि तो माझ्या कपाटात होता, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हिमांशूची स्वतःची डिस्क. अपघातात ती त्याच्या बॅगेत होती. तबकड्या खरवडून निघालेल्या, त्यातून काही म्हणजे काही निघालं नाही. अख्ख्या शहराचे फोटो आणि व्हिडिओ परत मिळवून देणाऱ्या बाईला स्वतःच्या नवऱ्याचा आवाज काही वाचवता आला नाही. बोर्ड मात्र शाबूत होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी. अशा बोर्डावर एक बारकी चिप असते. तिच्यात त्या एकाच डिस्कच्या खुणा असतात, दुसरं काही नाही. परकी चिप लागली की डिस्क टकटक करते आणि बंद पडते. म्हणून जुन्या बोर्डावरची चिप उकलून नव्यावर डकवायची, हा या कामातला पहिला धडा. मला तो हिमांशूनंच शिकवला होता. मी त्याची चिप उकलायला घेतली आणि हत्यार खाली ठेवलं. धीर होईना. म्हटलं, एकदा तशीच लावून बघू. टकटक झाली की काढू.

टकटक झाली नाही.

भर दुपार होती. लाइट गेलेली, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि गाळ्यात करपल्याचा वास भरून राहिला होता. पडद्यावर नोमानच्या फायली एकेक करून उघडायला लागल्या. मी पहिली लावली.

"पाचोडकरांनो, इकडं ध्यान द्या…" हसरा, मोकळा आवाज. साड्यांचे भाव सांगून झाल्यावर तो श्वास घ्यायला थांबला. आणि त्या थांबण्यात, मागून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणी उभं असावं तसं…

"स्वरू, पाणी आलं गं…"

आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही अवेळी. ज्याला आधी चाहूल लागेल त्यानं दुसऱ्याला उठवायचं. आधी चाहूल लागायची ती नेहमी हिमांशूला.

बोर्डात आवाज साठत नाही. साठूच शकत नाही. हे मला पक्कं माहीत होतं. मी सगळ्या फायली ऐकल्या. काहींत तो होता, काहींत नव्हता. एकीत नोमान बियाण्यांचं सांगता सांगता मध्येच थांबला, "जी साहेब?" म्हणाला, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखा गप्प राहिला आणि मग पुढं बोलू लागला.

योग्य काय ते मला कळत होतं. बोर्ड काढायचा, चिप बदलायची, पुन्हा पहिल्यापासून करायचं. पण तसं केल्यावर हिमांशू गेला असता. मी आहे तेच पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं.

चाचींनी हेडफोन लावून ऐकलं. डोळ्यांतून धार लागली होती आणि तोंडभर हसत होत्या. मग त्यांनी हेडफोन जरासा सरकवला.

"मागं कोण बोलतंय?"

"माझे मिस्टर."

"कुठं असतात?"

"नाहीत ते, चाची… दोन वर्षं झाली."

त्या घाबरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पेन ड्राइव्ह रुमालात बांधला. "मग बरं झालं," त्या म्हणाल्या. "पोरगं तिथं एकटं नाय."

मलाही बरं वाटायला हवं होतं. मला हेवा वाटला.

पाचोडच्या बाजाराच्या दिवशी त्यांचा फोन आला. नोमानची रिक्षा आता पुतण्या चालवायचा, त्यानं तोच पेन ड्राइव्ह भोंग्याला लावला होता. फोनमध्ये बाजाराचा गलबला होता आणि त्यावर नोमानचा आवाज. पण तो साड्यांचं सांगत नव्हता. बाजारात चुकामूक झालेल्यांना पुकारतात तसं पुकारत होता.

"महेजबीन बेगम… जिथं असाल तिथून रिक्षापाशी या. तुमचा मुलगा वाट बघतोय…"

अशी फाइल नव्हती. मी सगळ्या ऐकल्या होत्या.

"चाची, जाऊ नका."

 त्या अगदी हळू म्हणाल्या, "तू गेली नसती, बेटी…?"

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं कळवलं. चाची रिक्षाला टेकून बसल्या होत्या, तशाच गेल्या. चेहरा शांत होता म्हणाला. भोंग्यावर सकाळपासून साड्यांचीच जाहिरात चालू होती, शपथेवर सांगत होता. चाचींचा फोन मात्र कुठं सापडला नाही.

तो नंबर मी अजून लावते. पलीकडून उचलला जातो. बोलत कुणीच नाही, पण मागं बाजार भरलेला असतो आणि भोंगा चालू असतो. नोमान एकेक नाव घेत असतो, सावकाश, नीट ऐकू येईल असं. मी शटर अर्धं ओढून ऐकत बसते. माझं नाव अजून आलेलं नाही.