गवताच्या तीन गाठी

लुझोलो बत्तीस वर्षांनी माहेरी परतली, ती धाकट्या बहिणीच्या रिकाम्या झोपडीत. न्सोना गेल्या उन्हाळ्यात वारली. दारामागे तिची काठी तशीच टेकलेली. पूर्वी सकाळी त्या काठीची टकटक झाली की आई शेंगदाणे भाजायला टाकायची. तो वास लुझोलोला शहरात कुठे भेटला नाही.

कडू कसावाचा कंद, त्यातलं विष उतरावं म्हणून, ओढ्यात तीन रात्री भिजवायचा, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. रात्रीमागे टोपलीच्या गवती दोरीला एक गाठ. दुष्काळाच्या वर्षी बारा वर्षांच्या लुझोलोने पहिल्याच सकाळी दोन गाठी जादा मारल्या. पोटात आग पडली होती. आईने गाठी मोजल्या आणि चूल पेटवली. एकदा खपलं, मग महिनाभर तेच. खाल्लं सगळ्यांनी, टाचा उचलल्या गेल्या त्या न्सोनाच्या, पुन्हा टेकल्याच नाहीत. गाव म्हणालं, कोंझो. बांधलेले पाय. पुढे डॉक्टर आले, त्यांनाही याहून बरं नाव सुचेना. कागदावर तेच लिहून गेले.

गाठींचं लुझोलोने कुणालाच सांगितलं नाही.

आता तिने टोपली बुडवली, पहिली गाठ मारली. सकाळी गाठ सुटलेली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. ओल्या वाळूत पाण्यापर्यंत खुणा होत्या: नुसते चवडे, शेजारी काठीचं भोक. न्सोना अशीच चालायची. लुझोलो घरी आली. काठी दारामागेच होती. टोक ओलं होतं.

पाचव्या दिवशी शेजारची काप्यामावशी म्हणाली, "शिजवणारेस, का माशांना घालणारेस?"

त्या संध्याकाळी लुझोलो गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

"न्सोना, त्या गाठी मी मारल्या होत्या. फार भूक लागली होती गं."

ओढा वाहत राहिला.

सकाळी दोरीला तीन गाठी होत्या. लहान मुली मारतात तशा, घट्ट, दुहेरी. पाण्यातून पावलं वर चढाकडे गेली होती. काठीचं भोक कुठेच नाही. पूर्ण तळवे, टाचा खोल रुतलेल्या.

लुझोलोने डोळे पुसले, टोपली डोक्यावर घेतली आणि त्या पावलांच्या कडेकडेने चढू लागली.

"काटा रुतला का गं?" मागून काप्यामावशीने विचारलं. "अशी काय चालतेस?"

लुझोलोने वळून पाहिलं. न्सोनाच्या पावलांशेजारी तिची स्वतःची पावलं उमटत आली होती.

नुसते चवडे.