गळ्यातले इअरमफ

दुपारी तीनच्या सुमारास ती बाबांच्या कारखान्यात गेली, ती फक्त त्यांचे शेवटच्या दिवशी तिथेच राहिलेले इअरमफ आणायला. निवृत्त होऊन आठवडा झाला, तरी बाबांचा हात सारखा गळ्याशी जायचा आणि तिथे काही लागलं नाही की ते हरवल्यासारखे बघत राहायचे.

तीस वर्षं त्यांनी प्रेस मशीनवर काढली, पण इअरमफ कानांवर चढवले नाहीत. "ठोका बदलला की समजायचं, साचा तडकतोय. कान झाकल्यावर कळणार कसं?" साहेब फेरीला आले की तेवढ्यापुरते वर, एरवी गळ्यात. घरीही तसेच, जेवताना, पेपर वाचताना. कान गेले ते गेलेच.

फोरमनकाकांनी खुंटीवरून ते काढून दिले. मागे प्रेस धाडकन आदळत होती आणि दर ठोक्याला ती दचकत होती.

"घाल, घाल कानाला!" काका ओरडले. "घरात एक बहिरा पुरे!"

तिने घातले. धडधड विझली. तेलाचा, घामाचा कोंदट वास... आणि आत कुणीतरी बोलत होतं.

"अहो... जरा इकडे या हो... छातीत कसंतरी होतंय... अहो..."

आई! आई जाऊन चार वर्षं झाली होती. झोपेतच गेली, असं सगळे म्हणाले होते. बाबा तेव्हा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. इअरमफ गळ्यात होते.

मग तिचा स्वतःचाच आवाज. "बाबा, पास झाले मी!" तेव्हा बाबांनी मान वर केली नव्हती. म्हणजे त्यांना जे ऐकू गेलं नाही, ते सगळं इथे...

"बाबा, मागे ट्रक! बाबा!"

हाही तिचाच आवाज. पण असं ती कधीच ओरडली नव्हती.

ती धावत सुटली. काका मागून काहीतरी विचारत राहिले.

बाबा गल्लीच्या तोंडाशी तिची वाट बघत उभे होते. त्यांच्या मागे लाकडाच्या वखारीतून एक ट्रक उलटा बाहेर येत होता. तिने दोन्ही हात हलवले. त्यांना वाटलं, इअरमफ मिळाले म्हणून. त्यांनीही हसून हात हलवला.

"बाबा, मागे ट्रक! बाबा!"

अगदी तोच सूर.

त्यांनी कानामागे तळवा धरला. "अगं, जरा मोठ्यानं..."

त्याला महिना झाला. काल धीर करून तिने इअरमफ पुन्हा चढवले. आई नव्हती. ती स्वतःही नव्हती. एक कोवळा, अनोळखी आवाज रडवेला होऊन म्हणत होता, "आई... अगं आई, मागे बघ ना..."

तिचं अजून लग्नही झालेलं नाही.

आज सकाळी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक येईना, म्हणून सेल बदलायला तिने ते खाली काढलं.

काटा चालू होता.